‘दुसरा अर्धा भाग’ आणि पाहणाऱ्याची नजर

जगाच्या एका अर्ध्या भागाला दुसरा अर्धा भाग कसा जगतो याची वार्ता नसते, अशा अर्थाची एक जुनी युरोपीय म्हण आहे. तिचा उत्तरार्ध उचलून जेकब रीस या न्यूयॉर्कच्या वार्ताहराने आपल्या ग्रंथाचे नाव ठेवले : ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्‌ज’. १८९० साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अमेरिकेतील समाजसुधारणेच्या इतिहासात आपले स्थान राखून आहे. त्याने कायदे बदलविले, वस्त्या पाडविल्या, एका भावी राष्ट्राध्यक्षाला कामास लावले, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. परंतु प्रस्तुत लेखात आम्हांस त्याची थोरवी पुन्हा गायची नाही. आमच्या मनात एक निराळाच प्रश्न आहे. ग्रंथकार स्वतः डेन्मार्कहून आलेला स्थलांतरित. त्याने ज्यांच्याविषयी लिहिले तेही बहुतेक स्थलांतरितच. दोहोंमध्ये अंतर होते ते वीस वर्षांच्या स्थैर्याचे. आधी येऊन स्थिरावलेला मनुष्य मागाहून आलेल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, त्या दृष्टीत काय स्पष्ट दिसते आणि काय झाकले जाते, हे तपासण्याच्या हेतूने आम्ही तो ग्रंथ पुन्हा वाचला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात घरे करून राहिलेल्या आपल्या वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये.

मराठी वाचकाला त्या दशकातील अमेरिका ठाऊक झाली ती मुख्यत्वे पंडिता रमाबाईंच्या लेखणीतून. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास पोहोचल्या, पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात हिंडल्या, आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत प्रसिद्ध केला. स्त्रियांचे शिक्षण, त्यांच्या सभा व मंडळ्या, मद्यपाननिषेधाची चळवळ, परोपकारी संस्थांचा कारभार यांचे त्यात मोठे आस्थेवाईक वर्णन आहे. तेथील वर्णद्वेषावरही बाईंनी बोट ठेवले आहे. ही संघटित सुधारणेची अमेरिका होय. पुढच्याच वर्षी रीसचा ग्रंथ निघाला. देश तोच, काळ तोच. पण रीस आपणांस सभागृहात नेत नाही, तो मागच्या बोळातून, अंधाऱ्या जिन्याने वर नेतो. रमाबाईंचा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे त्यांनी हा दुसरा ग्रंथ त्याच्या शेजारी ठेवावा, इतके दोन्ही एकमेकांस पूरक आहेत.

रीसचा जन्म १८४९ सालचा, डेन्मार्कमधील रीबे या जुन्या लहानशा गावचा. वडील शाळामास्तर, मुलाने मात्र सुतारकाम शिकून घेतले. १८७० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. एलिस बेटावरील प्रसिद्ध ठाणे १८९२ मध्ये उघडले. तत्पूर्वी उतारूंची नोंद कॅसल गार्डन येथे होत असे. आरंभीची वर्षे उपासमारीची आणि भटकंतीची गेली. १९०१ साली लिहिलेल्या ‘द मेकिंग ऑफ ॲन अमेरिकन’ या आत्मवृत्तात त्याने त्या दिवसांतील एका रात्रीची हकीकत दिली आहे. पावसात भिजलेला हा तरुण पोलीस चौकीत निराश्रितांसाठी ठेवलेल्या खोलीत शिरला. रात्रीतून कोणीतरी त्याच्या गळ्यातील सोन्याची डबी लांबविली. तक्रार करावी तर अंमलदाराने उलट त्यालाच चोर ठरविले, आणि दारातून बाहेर घालविले. त्याच्या मागे लागलेले एक भटके कुत्रे चौकीच्या पायऱ्यांवर त्याची वाट पाहत होते. ते पोलिसावर धावून गेले, तेव्हा त्याने ते तेथेच आपटून मारले. ही रात्र रीस कधीही विसरला नाही. पुढे १८७७ मध्ये तो ‘ट्रिब्यून’ पत्राचा पोलीस-वार्ताहर झाला, मलबेरी रस्त्यावर त्याची बैठक पडली, आणि ज्या वस्तीत त्याने कधी उपास काढले होते तीच त्याच्या बातमीचा विषय झाली.

ग्रंथाची पंचवीस प्रकरणे आहेत. त्यांचा नायक, म्हणावयाचे तर, कोणी मनुष्य नसून ‘टेनेमेंट’ नावाची इमारत आहे. टेनेमेंट म्हणजे भाड्याच्या खोल्यांची बहुमजली इमारत. ‘चाळ’ हा आपला शब्द जवळचा खरा, परंतु मुंबईच्या चाळीला निदान उघडी गॅलरी असते. न्यूयॉर्कच्या टेनेमेंटमध्ये रस्त्याकडील व मागील खोल्या सोडल्या तर मधल्या खोल्यांना खिडकीच नसे. जागेचा तुकडा पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल. त्यावर मालक शक्य तितके बांधकाम उभे करी. पूर्वी श्रीमंतांनी सोडलेल्या मोठ्या घरांत पडद्या घालून खोल्या पाडल्या, मग परसात आणखी एक इमारत चढविली, मग मूळ घरच पाडून त्या जागी पाच-सहा मजले उभे केले, असा हा क्रम रीसने पहिल्या प्रकरणात दिला आहे. घाण ही माणसांबरोबर आगबोटीतून उतरली नसून भाड्याच्या हिशोबातून निर्माण झाली, हे त्याचे म्हणणे येथे अगदी नि:संदिग्ध आहे.

१८७९ च्या कायद्याची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. आदल्या वर्षी एका नियतकालिकाने सुधारित टेनेमेंटच्या नकाशांसाठी स्पर्धा लावली. पारितोषिक मिळालेल्या नकाशात इमारतीची कंबर दोन्ही बाजूंनी किंचित आत घेतली होती. व्यायामाच्या डंबेलसारखा आकार म्हणून तिला तेच नाव पडले. लगतच्या दोन इमारतींच्या कमरांमध्ये जो अरुंद उभा बोळ राहील त्यातून मधल्या खोल्यांना उजेड व वारा मिळावा, ही योजना. कायद्याची अट पुरी झाली आणि मालकांना जागाही फारशी सोडावी लागली नाही. प्रत्यक्षात त्या बोळात वरच्या मजल्यांवरचा केरकचरा साचू लागला, दुर्गंधी खोल्यांत शिरू लागली, आणि आग लागली म्हणजे तोच बोळ धुराड्याचे काम करू लागला. कागदावर निर्दोष असलेली सुधारणा राहणाऱ्याच्या माथी कशी बसते याचे हे उदाहरण आहे. हा आकार बंद होण्यास १९०१ चा कायदा यावा लागला.

रीस मोजू लागला म्हणजे त्याचे लेखन असामान्य उंचीवर जाते. बेयर्ड रस्त्यावरील एका खोलीचे त्याचे वर्णन पाहावे. लांबी-रुंदी तेरा फूटही नाही, आणि तीत बारा स्त्री-पुरुष झोपलेले. काही फळ्यांवर, बाकीचे जमिनीवर, माणशी पाच सेंट भाडे देऊन. ज्यू वस्तीच्या दहाव्या वॉर्डात वर्गमैलास ३,३०,००० या प्रमाणात माणसे कोंबली आहेत, आणि जुन्या लंडनची अत्यंत दाट वस्तीही यापुढे जवळजवळ निम्मी भरते, असा हिशोब तो मांडतो. उकाड्याच्या दिवसांत माणसे गच्च्यांवर आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवर झोपतात, तान्ही मुले दगावतात. येथे तो विशेषणे फारशी वापरत नाही. खोलीची मापे, भाड्याची रक्कम, मृत्यूची नोंद, एवढेच देतो.

शब्दांच्या जोडीला त्याने छायाचित्रे आणली. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून अंधारात छायाचित्र घेण्याची युक्ती जर्मनीत निघाल्याचे त्याने १८८७ मध्ये वर्तमानपत्रात वाचले, आणि लगेच मित्रांना घेऊन तो मध्यरात्री या खोल्यांत शिरू लागला. आरंभी ही भुकटी पिस्तुलासारख्या साधनातून उडवीत. अवेळी घरात घुसलेली अनोळखी माणसे आणि त्यांच्या हातातील ते यंत्र पाहून राहणारे भयभीत होऊन पळत. पुढे त्याने तळण्याच्या तव्यात भुकटी पेटविण्यास सुरुवात केली. एकदा तर खोलीच्या भिंतीवरील कागदांनी पेट घेतला आणि त्याला ती आग एकट्याने विझवावी लागली. या चित्रांतील कित्येक चेहरे झोपेतून दचकून उठलेले आहेत. त्यांना कोणी विचारले नव्हते. चित्रांचा उपयोग झाला, तो थोडाथोडका नव्हे. १८८९ च्या डिसेंबरात ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात लेख आला आणि त्यावरूनच पुढे ग्रंथ झाला. परंतु गरिबाचे दार ठोठावल्यावाचून आत जाण्याचा अधिकार सुधारकास असतो काय, हा प्रश्न रीसला कोठेही पडलेला दिसत नाही. जो स्वतः एका रात्री दारातून घालविला गेला होता, त्याला तो पडावयास हवा होता.

आता आम्ही ग्रंथाच्या त्या बाजूकडे वळतो, जी वाचताना आजचा वाचक अस्वस्थ होतो. रीसने वस्त्यांची वाटणी राष्ट्रांवरून केली आहे. इटालियनांचे एक प्रकरण, चिन्यांचे एक, ज्यूंची दोन, बोहेमियनांचे एक, काळ्या लोकांचे एक. शहराचा नकाशा राष्ट्रागणिक रंगविला तर त्यावर झेब्र्याच्या कातडीहून अधिक पट्टे उमटतील, अशी कल्पनाही त्याने केली आहे. आणि प्रत्येक पट्ट्यास त्याने एकेक स्वभाव बहाल केला आहे : इटालियन तळाशी येतो आणि तळाशीच राहतो, ज्यूला पैशाखेरीज दैवत नाही, चिनी गूढ व कपटी. सर्वांत दुखावणारे उदाहरण चिनी वस्तीचे. अन्य सर्व वस्त्यांत अस्वच्छतेवर ओढलेला त्याचा आसूड येथे अडखळतो, कारण चिनी माणसाची खोली नीटनेटकी असते. हे तो मान्य करतो. पण लगेच त्या स्वच्छतेची तुलना मांजराशी करून तीतही कावा पाहतो. अस्वच्छता असेल तर दोष, स्वच्छता असेल तरीही दोष! ज्याच्याविषयी मत आधीच ठरले आहे त्याने काहीही केले तरी पुरावा त्याच्या विरुद्धच जातो, याचा असा स्वच्छ नमुना विरळा.

हा पूर्वग्रह त्या काळाचा होता, एका ग्रंथकारास कशाला दोष द्यावा, असा आक्षेप येईल. त्याचा विचार पुढे करू. त्याआधी रीसवर अन्याय होऊ नये म्हणून काही गोष्टी नोंदविणे अवश्य आहे. बोहेमियन लोकांविषयी शहरात जी वाईट बोलवा होती ती त्याने खोडून काढली. हे लोक घरात बसून सिगार वळीत. बायकामुलांसह सारे कुटुंब त्याच खोलीत तंबाखूच्या ढिगात राबे, निजे आणि जेवी. कारखानदारच त्या इमारतींचा मालक असे, म्हणजे एका हाताने मजुरी कमी करी आणि दुसऱ्या हाताने भाडे वाढवी. राहत्या खोल्यांत सिगार करण्यास बंदी घालणारा कायदा झाला होता, तो न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने १८८५ मध्ये रद्दबातल केला. काळ्या लोकांच्या प्रकरणात काही ठरीव शेरे आहेतच. पण तेथे त्याने भाड्याच्या व्यवहारातील आकडे मिळवून गोऱ्या व काळ्या भाडेकरूंची भाडी शेजारी शेजारी छापली, आणि तशाच खोल्यांसाठी काळ्याकडून अधिक भाडे घेतले जाते हे सिद्ध केले. चिन्यांबाबतसुद्धा, एवढे कठोर लिहून झाल्यावर, त्यांना हाकलून देण्यापेक्षा त्यांच्या बायकांसाठी दार उघडावे, असा उपाय तो सुचवितो. चिनी स्त्रियांचे येणे १८७५ च्या कायद्याने जवळजवळ बंद केले होते आणि मजुरांवर १८८२ पासून बंदी होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सूचनेचे धाडस कळते.

ही सारी उदाहरणे एकत्र ठेवून पाहता आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसली, आणि तीच या लेखात सांगण्यासारखी आहे. रीसच्या हाती दोन लेखण्या आहेत. भाडे, मजुरी, खोलीची मापे यांपर्यंत तो ज्या प्रकरणात पोहोचला तेथे त्याचा पूर्वग्रह गळून पडतो. बोहेमियनांची मजुरी त्याने विचारली, काळ्यांचे भाडे त्याने तपासले, आणि त्या माणसांच्या दु:खाचे कारण त्यांच्या स्वभावात नसून व्यवहारात आहे हे त्याला दिसले. ज्यूंवरील दोन प्रकरणे पाहावीत. पहिल्यात तो बाजारातून हिंडतो, तेव्हा चिकटपणा आणि धनलोभ यांखेरीज त्याला काही दिसत नाही. दुसऱ्यात तो कपडे शिवणाऱ्यांच्या खोलीत शिरतो, डझनामागे काय मिळते, ठेकेदार किती खातो, भाड्यात किती जाते हे विचारतो. आणि त्याच लोकांविषयीचा त्याचा सूर पालटतो. चिनी वस्तीत मात्र त्याला कोणी हिशोब दाखविला नाही, तेथे तो बाहेरच उभा राहिला. आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाची लेखणी जे लिहिते तेच त्याने लिहिले.

आता त्या आक्षेपाकडे. काळाचा दोष म्हणून सोडून द्यावे, तर त्याच काळात दुसरी दृष्टीही होती. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ च्या सप्टेंबरात शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावर ‘हल हाउस’ सुरू केले. सुशिक्षित, सुखवस्तू घरांतील या बायका स्थलांतरितांच्या वस्तीत पाहणीसाठी जाऊन परतल्या नाहीत, तेथेच राहावयास गेल्या. त्यांच्या सहकाऱ्यांपैकी फ्लॉरेन्स केली हिच्या पुढाकाराने १८९५ मध्ये ‘हल हाउस मॅप्स अँड पेपर्स’ हा ग्रंथ निघाला. रीसने ज्या रंगीत नकाशाची कल्पना केली होती तो येथे घरागणिक प्रत्यक्ष काढलेला आहे. परंतु त्याच्या जोडीला दुसरा एक नकाशा आहे : त्याच घरांत आठवड्याची मिळकत किती, हे रंगांनी दाखविणारा. एक नकाशा सांगतो, येथे इटालियन राहतात, तेथे बोहेमियन. दुसरा सांगतो, येथे कुटुंबाला आठवड्यास इतके डॉलर मिळतात. दुसरा नकाशा पाहिल्यावर पहिल्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई आपोआप कमी होते. रीसच्या ग्रंथानंतर अवघ्या पाच वर्षांत हे घडले. केलीबाई १८९३ मध्ये इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना-निरीक्षक झाल्या होत्या, आणि त्यांची नेमणूक करणारे गव्हर्नर आल्टगेल्ड हे स्वतः जर्मनीत जन्मलेले होते. तात्पर्य, काळ एकच असतो. पाहणारा कोठे उभा आहे यावर बरेच अवलंबून असते.

तरीही पाहणी, मग ती कितीही सहृदय असो, बाहेरूनच होते. आतून काय होते ते कळावयास ललित साहित्याकडे जावे लागते. अब्राहम काहान हा विल्ना प्रांतातील ज्यू १८८२ मध्ये न्यूयॉर्कला आला, इंग्रजी शिकला, शिकवू लागला, आणि १८९६ साली त्याने ‘येकल’ ही छोटी कादंबरी थेट इंग्रजीत लिहिली. विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या मान्यवर लेखकाने तिचे स्वागत केले. कथा साधी आहे. येकल नावाचा शिवणकामगार बायको-मुलास मायदेशी ठेवून आला आहे. तीन वर्षांत त्याने दाढी काढली, ‘जेक’ हे नाव घेतले, मुष्टियुद्धाच्या गप्पा मारू लागला, नाचाच्या वर्गास जाऊ लागला. मग बायको गिटल येते. धार्मिक रीतीप्रमाणे तिने आपले केस टोपाखाली झाकले आहेत. एलिस बेटावर तिला पाहताक्षणी जेकच्या मनात उमटते ती लाज. पुढे काडीमोड होतो. त्याचा पैसा जेकच्या नव्या मैत्रिणीच्या शिलकीतून जातो. शेवटी तो नव्या संसाराकडे ट्राममधून निघालेला असताना विजयी झाल्याचा भाव त्याच्या मनात नाही. प्रत्येक थांबा थोडा लांबावा असेच त्याला वाटत राहते. गिटल मात्र घरातील अभ्यासू भाडेकरूशी लग्न करून लहानसे दुकान काढण्याच्या विचारात आहे.

काहानने भाषेची जी योजना केली आहे ती आपल्यासारख्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन पाहावी. पात्रे आपसांत यिडिश बोलतात, ते बोलणे तो शुद्ध, डौलदार इंग्रजीत देतो. आणि ती मधूनमधून जे मोडकेतोडके इंग्रजी शब्द वापरतात ते तिरप्या अक्षरांत जसेच्या तसे छापतो. त्यामुळे ज्याला इंग्रजी वाचक अडाणी समजेल तोच मनुष्य आपल्या भाषेत किती सहज व नेमके बोलतो हे दिसते. अडाणी ठरतो तो उसन्या शब्दांपुरता. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी अशा तिपेडी व्यवहारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचे मर्म सांगावयास नको. कादंबरीची उणीवही सांगितली पाहिजे. तीत घरमालक जवळजवळ नाहीच. भाडे कोण ठरवितो, मजुरी कोण कापतो यात काहानला येथे फारसा रस नाही. रीसच्या ग्रंथात जे आहे ते काहानपाशी नाही, आणि काहानपाशी जे आहे त्याची रीसला चाहूलही नव्हती. जेकची लाज कोणत्याही पाहणीच्या तक्त्यात बसली नसती.

या लाजेवर सुधारकांपैकी कोणी काही केले काय? जेन ॲडम्स यांनी केले. १९०० साली हल हाउसमध्ये त्यांनी एक श्रम-संग्रहालय उघडले. तेथे वस्तीतील वयस्क बाया आपल्या देशातील चात्या-चरखे घेऊन बसत आणि सूत काढून दाखवीत. अँजेलिना नावाच्या इटालियन मुलीची हकीकत ॲडम्स यांनी १९१० च्या आत्मवृत्तात दिली आहे. ही मुलगी आईबरोबर एका दाराने येण्यास लाजत असे. लोक आपल्या आईच्या सूतकताईचे कौतुक करताना तिने पाहिले आणि तिची वागणूक बदलली. गोष्ट लहान आहे. पण येणाऱ्याला काहीतरी द्यावयाचे एवढेच सुधारणेचे काम नसून त्याच्यापाशी काय आहे तेही विचारावयाचे असते, ही जाणीव तीत आहे. आणि रीसच्या ग्रंथात ती नाही.

रीसच्या ग्रंथाचे फलित मोठे, यात संशय नाही. थिओडोर रूझवेल्ट हे ग्रंथ वाचून आपण होऊन त्याच्या भेटीस गेले. १८९५ मध्ये ते पोलीस कमिशनर झाले आणि पुढच्या वर्षी चौकीतील त्या निराश्रितांच्या खोल्या बंद झाल्या. मलबेरी रस्त्याच्या वळणावरील कुप्रसिद्ध वस्ती पाडून तेथे १८९७ मध्ये उद्यान झाले. तेथील राहणारे कोठे गेले, हा प्रश्न मात्र वाचकाच्या मनात रेंगाळतो. आणि राष्ट्रागणिक स्वभाव वाटण्याची जी रीत रीसच्या पिढीने रुळविली, तिचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १९२४ च्या अमेरिकन कायद्याने कोणत्या देशातून किती माणसे यावीत हे ठरविले, तेव्हा मापासाठी १८९० ची जनगणना घेतली. कारण त्या वर्षापर्यंत इटालियन, ज्यू आणि पूर्व युरोपीय तुलनेने थोडे आले होते. १८९० म्हणजे योगायोगाने या ग्रंथाच्या प्रकाशनाचेच वर्ष. रीस १९१४ मध्ये वारला होता, आणि दार बंद करा असे त्याने या ग्रंथात म्हटले नव्हते. तथापि स्वभावांचे जे पट्टे त्याने वर्णनासाठी रंगविले, तसलेच पट्टे इतरांनी मोजदादीसाठी वापरले.

हे सारे लिहिताना आम्हांस एक जुना अहवाल आठवत राहिला, तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. राज्य शासनाच्या सेवेत असताना आमच्याकडे एकदा शहराकडेच्या एका झोपडवस्तीची पाहणी आली होती. परप्रांतातून मजुरीस आलेली ती माणसे. ‘रहिवाशांना स्वच्छतेची सवय नाही’ हे वाक्य आम्ही स्वहस्ते अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिले. साठांहून अधिक कुटुंबांस एकच नळ होता आणि त्याला पहाटे अर्धा तास पाणी येई, ही माहितीही आम्हीच गोळा केली होती. ती आम्ही परिशिष्टात टाकली. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. वरिष्ठांनी पहिले पान वाचले. आमचे पणजोबा कोकणातून नर्मदेपार आले तेव्हा एका दूरच्या नातलगाच्या वाड्यातील ओसरीवर दोन वर्षे पथारी टाकून राहिले होते, आणि वाड्यातल्या विहिरीवर त्यांना पाणी सर्वांच्या शेवटी मिळे, ही गोष्ट घरात आजी मोठ्या रसाने सांगत असे. ती गोष्ट आणि तो अहवाल यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे ध्यानात यावयास आम्हांस निवृत्त व्हावे लागले आणि रीसचा ग्रंथ पुन्हा उघडावा लागला.

म्हणूनच रीसला न्यायासनासमोर उभा करून मोकळे व्हावे, असे आम्हांस वाटत नाही. चौकीतील ती रात्र तो आयुष्यभर विसरला नाही, तरी तशाच रात्री काढणाऱ्या इतरांविषयी लिहिताना त्याची लेखणी कित्येकदा चौकीच्या अंमलदारासारखी चालली. आठवण असणे पुरेसे नसते. ती पुरेशी ठरली तेव्हाच, जेव्हा त्याने समोरच्यास भाडे विचारले, मजुरी विचारली आणि मग लिहिले. आपल्या मंडळाच्या वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि त्याबरोबर ‘येकल’ वाचावी. दोन्ही ग्रंथ आज सहज मिळतात. वाचताना आपल्या गावात गेल्या दहा-वीस वर्षांत आलेल्या माणसांविषयी आपण दिवाणखान्यात बसून जी वाक्ये सहज बोलून जातो त्यांपैकी एखादे आठवले, तर तेथे थोडे थांबावे. त्यांच्या नळाला पाणी किती वाजता येते, एवढे विचारून पाहावे.